संत गोन्सालोंचा चेहरा शोधताना

आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पानापानांत ठेवलेली संतांची छोटी छापील चित्रे तिच्या माघारी माझ्याकडे आली. एकंदर २३ चित्रे होती. काहींच्या कडा नक्षीदार कातरलेल्या, काहींच्या पाठीमागे मराठीत प्रार्थना छापलेली, तर काहींवर कुणाच्या तरी पहिल्या कम्युनियनची किंवा अंत्यविधीची तारीख घातलेली. चार वर्षांपूर्वी मी रंगपेन्सिलींनी व्यक्तिचित्रे काढण्याचा सराव सुरू केला, तेव्हा नमुना म्हणून सर्वांत आधी हीच चित्रे समोर घेतली. पादुआचे संत अंतोनी, संत अलॉयशियस आणि आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया अशी तीन चित्रे मी एका ओळीत मांडली आणि चेहऱ्याची मापे नीट घेता यावीत म्हणून एका पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून ती एकेका चित्रावर ठेवून पाहिली. खिडकीतून केवळ चेहरा दिसत होता. झगा, लिलीचे फूल, क्रूस, भाले असे सारे पुठ्ठ्याखाली झाकले गेले होते. तिन्ही खिडक्यांतून एकच तरुण माझ्याकडे पाहत होता. तीच गुलाबी कांती, तेच वर वळलेले पाणीदार डोळे, तीच निमुळती हनुवटी आणि तेच किंचित उघडे ओठ.

अंतोनी तेराव्या शतकातले, लिस्बनमध्ये जन्मलेले आणि पस्तिशी ओलांडल्यावर वारलेले. अलॉयशियस सोळाव्या शतकातल्या इटलीतील उमराव घराण्यातले. रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १५९१ मध्ये वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी गेले. गोन्सालो वसईत जन्मले. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई कोकणातली. जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मरण आले तेव्हा ते चाळिशीचे होते. या तिघांचा चेहरा एक असणे शक्यच नव्हते. छापणाऱ्याने एका साच्यातून काढलेल्या चेहऱ्याला निरनिराळे कपडे आणि निरनिराळी चिन्हे जोडली होती. त्या चित्रांसमोर आजीने आयुष्यभर मनापासून प्रार्थना केली आहे आणि ती चित्रे आजही माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. मात्र त्यांच्यावरून चेहरा काढायला शिकता येत नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. संत गोन्सालोंचा चेहरा त्यांचा स्वतःचा वाटेल असा काढायचा, हे तेव्हाच ठरले. त्यासाठी आधी काय शिकावे लागेल, याची कल्पना मात्र मला नव्हती.

चित्रकलेचे माझे शिक्षण शाळेत दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षांपुरते आहे. त्यामुळे सरावाचा क्रम मी स्वतःच आखला. ज्या संतांची खरी छायाचित्रे उपलब्ध आहेत, अशांपासून सुरुवात करायची आणि हात बसल्यावर ज्यांचे कोणतेही चित्र त्यांच्या हयातीत काढले गेले नाही अशांकडे वळायचे, असा तो क्रम होता. छायाचित्रणाचा शोध लागल्यानंतरच्या काळातले संत पुष्कळ आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यांत कमालीचे वैविध्य आहे.

पहिली निवड केली ती फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजांची, कारण त्यांच्याइतकी छायाचित्रे त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्या जोगिणीची, म्हणजे ननची, सापडणे कठीण. त्यांची बहीण सेलीन १८९४ मध्ये, तेरेजा होत्या त्याच कार्मेल मठात दाखल झाली तेव्हा तिने आपला कॅमेरा सोबत नेला होता. पुढच्या तीन वर्षांत काचेच्या पट्ट्यांवर तिने मठातल्या भगिनींची आणि तेरेजांची अनेक छायाचित्रे घेतली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी तेरेजा वयाच्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. त्यानंतर त्यांची कीर्ती जगभर पसरू लागली तेव्हा मठाबाहेर गेली ती बहुतांशी सेलीनने रंगवलेली किंवा हात फिरवून सौम्य केलेली चित्रे. हात न लावलेली मूळ छायाचित्रे लोकांसमोर आली ती १९६१ मध्ये, म्हणजे त्यांना संत म्हणून घोषित केल्यानंतर तब्बल ३६ वर्षांनी. आपल्या बहिणीचा चेहरा जगाने आपल्या डोळ्यांतल्या प्रेमाने पाहावा, असे सेलीनला वाटले असेल, आणि ते मी समजू शकते. तरीही मी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा माझे मन मूळ छायाचित्रावरच थांबले. त्यात जबडा रुंद आहे, हनुवटी ठाम आहे, पापण्या जड आहेत. ७ जून १८९७ रोजी घेतलेल्या छायाचित्रात तेरेजा हातात दोन चित्रे धरून आहेत, एक बाळ येशूचे आणि एक येशूच्या पवित्र मुखाचे. आजार तोपर्यंत बळावला होता आणि कॅमेऱ्यासमोर स्थिर राहण्याचे कष्ट त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतात. रंगवलेल्या चित्रांतून नेमके हेच कष्ट पुसले गेले होते.

ते छायाचित्र मी सहा वेळा काढले. पहिल्या दोन वेळा रेखाटनच चुकले, कारण मला ठाऊक असलेला ‘संताचा चेहरा’ हात आपोआप काढत होता आणि डोळे नकळत मोठे होत होते. मग मी छायाचित्रावर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखले, कागदावर दोन सेंटिमीटरचे आखले आणि छायाचित्र उलटे ठेवून, म्हणजे डोके खाली करून, एकेक चौकोन उतरवला. उलट्या चेहऱ्यात डोळा हा डोळा राहत नाही, तो केवळ काही गडद आणि काही फिकट आकारांचा समूह होतो, आणि त्यामुळे मनातला साचा मध्ये येत नाही. पुढे चौकोन पुसताना मळलेल्या पिठासारखा मऊ खोडरबर वापरायचा आणि तो घासायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा, हेही मी याच चित्रावर शिकले. शिसपेन्सिलीची भुकटी कागदावर राहिली तर वरचा फिका रंग राखाडी होतो आणि तो राखाडीपणा नंतर कशानेही जात नाही.

जोगिणीच्या डोक्याभोवतीचे पांढरे वस्त्र आणि त्यावरचा काळा बुरखा यांनी मला सर्वांत जास्त शिकवले. पांढरे कापड पांढऱ्या पेन्सिलीने काढता येत नाही. ते कागद कोरा राखून काढायचे असते आणि घड्यांच्या सावलीत फिका निळा, फिका जांभळट राखाडी आणि प्रकाशाच्या बाजूला अगदी पुसटसा सायीचा रंग द्यायचा असतो. त्याचप्रमाणे काळा बुरखा काळ्या पेन्सिलीने भरला तर चित्राला भोक पडल्यासारखे दिसते. गडद निळा, सेपिया (गडद तपकिरी) आणि थोडा गडद तांबडा हे तीन रंग एकावर एक चढवले तर जो काळा तयार होतो त्यात कापडाचा पोत राहतो. अशा गडद भागावर चार-सहा दिवसांनी धुक्यासारखी पांढुरकी साय येते, ती पेन्सिलीतल्या मेणाची असते. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा चित्राला बुरशी लागली असे समजून मी फार अस्वस्थ झाले होते. मऊ सुती कापडाने हलकेच पुसले की ती निघते, आणि तेलयुक्त शिसे असलेल्या पेन्सिली वापरल्या तर येतच नाही.

मेणाचाच विषय निघाला आहे तर दुसऱ्या सरावाबद्दल सांगायला हवे. लूर्ड येथे १८५८ मध्ये पवित्र मरियेचे दर्शन झालेल्या संत बर्नादेत यांचे चित्र मी एका पोस्टकार्डावरून काढायला घेतले. नेव्हेर येथील मठात काचेच्या पेटीत त्यांचा देह ठेवलेला आहे, त्याचे ते छायाचित्र होते. तीन आठवडे मी त्या चेहऱ्यावर थरामागून थर दिले आणि शेवटी फिक्या पेन्सिलीने जोर देऊन सारे थर एकजीव घोटले, कारण पोस्टकार्डावरची त्वचा इतकी नितळ होती की तिच्यावर एकही रेघ दिसू नये असे मला वाटत होते. चित्र पूर्ण झाल्यावर मी त्या देहाविषयी सविस्तर वाचले, आणि मग कळले की काचेच्या पेटीत जे दिसते ते चेहऱ्यावर आणि हातांवर चढवलेले मेणाचे पातळ आवरण आहे. म्हणजे तीन आठवडे मी मेणाचा मुखवटा काढत होते, तोही मेणाच्या पेन्सिलींनी.

बर्नादेत यांची हयातीतली छायाचित्रे १८६० च्या दशकातली आहेत. डोक्यावर गावाकडचा रुमाल बांधलेली, चौकोनी चेहऱ्याची, दाट भुवयांची, फोटोसाठी मुळीच न हसणारी ती मुलगी पाहिली की पाणचक्कीवाल्याच्या घरातली, दम्याने त्रासलेली, गरिबी सोसलेली पोर समोर उभी राहते. त्या छायाचित्रावरून काढलेल्या चित्रात मी घोटणे पूर्णपणे टाळले. रंगपेन्सिलीत कागदाचे दाणे हे मोठे साधन असते. दाण्यांच्या खळग्यांत खालचा रंग राहतो, उंचवट्यांवर वरचा रंग बसतो, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांना दिसतात म्हणून त्वचा जिवंत वाटते. घोटल्यावर सारे खळगे बुजतात, प्रकाश एकसारखा परततो आणि चेहरा मेणाचा होतो. तेव्हापासून मी चेहऱ्यावर घोटण्याची पेन्सिल लावलेली नाही, फक्त डोळ्यांच्या ओलसर कडेवर आणि खालच्या ओठावर एखाद्या ठिपक्यापुरती लावते. कागद ३०० ग्रॅम वजनाचा, दाबून गुळगुळीत केलेला जलरंगाचा घेते. त्याचे दाणे बारीक असले तरी १५ थर सहज पेलतात. टोक सतत अणकुचीदार हवे आणि हात इतका हलका हवा की पहिल्या पाच थरांनंतरही कागद जवळजवळ कोराच वाटावा.

यानंतर मी त्वचेच्या रंगाकडे वळले, आणि माझा सर्वांत जास्त काळ तिथेच गेला. आमच्या लहानपणी रंगपेटीतल्या एका फिक्या गुलाबी पेन्सिलीला सगळे जण ‘स्किन कलर’ म्हणत. आमच्या वर्गात त्या रंगाची त्वचा असलेले एकही मूल नव्हते, तरीही माणूस काढला की आम्ही सर्व जण तीच पेन्सिल उचलत असू. ती सवय किती खोल गेली आहे, हे मला केरळच्या संत अल्फोन्सा यांचे चित्र काढताना जाणवले. त्या १९१० मध्ये जन्मल्या, १९४६ मध्ये गेल्या आणि २००८ मध्ये संतपदाला पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांचे छायाचित्र कृष्णधवल आहे, त्यामुळे रंग माझा मलाच ठरवायचा होता, आणि मी सुरुवात केली ती गुलाबीने! दोन थरांनंतर चित्रातला चेहरा आजारी युरोपीय बाईसारखा दिसू लागला, तेव्हा कुठे हाताने काय केले ते उमगले.

आपल्याकडच्या त्वचेसाठी मला जी पद्धत जमली ती अशी. सर्वांत खाली हिरवट मातकट रंगाने सावल्यांची पूर्ण मांडणी करायची, म्हणजे डोळ्यांच्या खोबणी, नाकाची बाजू, ओठांखालची सावली आणि जबड्याची कड. मध्ययुगीन इटालियन चित्रकार मरियेच्या आणि संतांच्या चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा थर देत असत. काळाच्या ओघात वरचे गुलाबी थर विरळ झाल्यामुळे त्यांतले काही चेहरे आज हिरवट दिसतात. त्यांचीच युक्ती पेन्सिलीत चालते. त्या हिरवटावर यलो ऑकर (मातकट पिवळा), त्यावर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर इंडियन रेड (विटकरी तांबडा), आणि सर्वांत गडद जागी रॉ अंबर (गडद मातकट तपकिरी) व गडद जांभळा असे थर चढवले की हिरव्यामुळे तांबडेपणा आटोक्यात राहतो आणि चेहऱ्याला उन्हात वावरलेल्या माणसाची गव्हाळ, सावळी कांती येते. सुदानमध्ये गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे इटलीत जोगीण झालेल्या संत जोसेफिन बखिता यांच्या चित्रात हेच थर आणखी गडद करावे लागले. त्यांच्या कपाळावरचा उजेड पांढरा नाही, निळसर आहे, हे मी फार उशिरा पाहिले. आणि एकदा ते दिसल्यावर कपाळाला गोलाई आली. काळ्या त्वचेसाठी काळी पेन्सिल उचलणे हे पांढऱ्या कापडासाठी पांढरी उचलण्यासारखेच आहे.

गुलाबीचा मोह आणखी एका प्रसंगाने सुटला. तेरेजांच्या सहा चित्रांतले शेवटचे, त्यातल्या त्यात बरे, मी एका नातेवाइकांना घरभरणीच्या वेळी दिले होते. त्यात मी तेरेजांच्या हाताशी गुलाबाची फुले काढली होती. दोन वर्षांनी त्यांच्याकडे गेले तेव्हा खिडकीसमोरच्या भिंतीवर ते चित्र होते आणि गुलाब पार विटून गेले होते. पाने हिरवी, झगा तपकिरी, पण फुलांच्या जागी नुसता मळकट कागद. गालांवरची लालीही उडाली होती. रंगपेन्सिलींमध्ये गुलाबी आणि जांभळ्या छटा उन्हात सर्वांत लवकर उडतात, आणि चांगल्या पेन्सिलींवर प्रकाशाला टिकण्याची खूण छापलेली असते ती याचसाठी. त्या चित्रासाठी मी वापरलेल्या संचावर अशी कोणतीही खूण नव्हती. मी त्यांना नवे चित्र काढून दिले आणि आता प्रत्येक नवी पेन्सिल आणली की तिचा एक पट्टा कागदावर ओढते, अर्धा पट्टा पुठ्ठ्याने झाकते आणि कागद तीन महिने दक्षिणेकडच्या खिडकीत चिकटवून ठेवते. मातीपासून बनलेले ऑकर, सिएना आणि अंबर हे रंग या परीक्षेत जवळजवळ जसेच्या तसे राहिले आहेत. आपल्या त्वचेला लागणारे रंगच जास्त टिकतात, याचा मला मनापासून आनंद झाला.

या सगळ्या काळात ज्या चित्रकाराने मला धीर दिला तो म्हणजे आंजेलो दा फोन्सेका. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले आणि शांतिनिकेतनात शिकलेले फोन्सेका यांनी आयुष्याचा मोठा काळ पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढला आणि १९६७ मध्ये ते पुण्यातच वारले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिला इथल्या बाईचा चेहरा दिला, आणि त्यासाठी स्वतःच्याच समाजातल्या अनेकांची नाराजी पत्करली. त्यांची माध्यमे वेगळी, त्यांचा अधिकार फार मोठा; पण पवित्र माणसाला आपल्या मातीचा रंग दिल्याने त्याचे पावित्र्य कमी होत नाही, हे त्यांच्या चित्रांसमोर उभे राहिले की पटवून द्यावे लागत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी संत गोन्सालोंच्या चित्राला हात घातला. पावसाळ्यानंतर असे म्हणण्याचे कारण म्हणजे वसईच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर कागद इतका मऊ पडतो की पेन्सिल दाण्यांवर न बसता घसरते आणि तिसऱ्या थरालाच कागदाचे तंतू सुटू लागतात.

गोन्सालो साधारण १५५७ मध्ये वसईत जन्मले आणि किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंकडे शिकले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते जपानला गेले. तिथे त्यांनी धर्मगुरूंना मदत केली, भाषा उत्तम आत्मसात केली, नंतर व्यापार केला, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून जपानला परतले. जपानचे तेव्हाचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यांच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत गोन्सालो होते. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संत. भारतात जन्मलेले ते पहिले संत. निशिझाका टेकडीवर आज या २६ जणांचे कांस्य स्मारक आहे. संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी ते घडवले. एका लांब भिंतीवर ओळीने उभे असलेले ते सारे जण, पाय जमिनीपासून सुटल्यासारखे खाली लोंबणारे. त्या स्मारकाची छायाचित्रे मी अनेकदा पाहिली आहेत. पण ते जपानी शिल्पकाराच्या मनातले गोन्सालो आहेत. मला वसईतून निघालेला माणूस हवा होता.

म्हणून मी माझ्या मामांच्या घरी गेले. मामांची केळीची आणि फुलांची वाडी आहे आणि मामेभाऊ चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. दोन रविवारी, चर्चमधली मिस्सा (उपासना) आटोपल्यावर, दोघांना मी ओटीवर आळीपाळीने बसवले, डाव्या बाजूने उजेड येईल अशी खुर्ची ठेवली आणि दोघांची रेखाटने केली. मामांचे नाक मुळाशी उंच आणि टोकाला थोडे खाली वळलेले आहे, गालाची हाडे वर आहेत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात उन्हाने पाडलेल्या रेषा पंख्यासारख्या पसरल्या आहेत. भावाचा जबडा आणि मानेचा पीळ मला हवा तसाच होता. दोघांपैकी कोणाचाही चेहरा मी जसाच्या तसा घेतला नाही, कारण उद्या हे चित्र कुणाच्या घरी वेदीवर लागले तर तिथे गुडघे टेकणाऱ्याला माझा मामेभाऊ दिसता कामा नये. दोघांच्या रेखाटनांतून तिसरा माणूस सिद्ध होईपर्यंत नऊ कच्ची रेखाटने झाली. वडील पोर्तुगीज असल्याने डोळ्यांचा रंग थोडा फिका, मधासारखा तपकिरी धरला. त्वचेसाठी मात्र आई कोकणातली, आयुष्यातली २५ वर्षे समुद्रावर, मकाव, मनिला आणि जपानमध्ये गेलेली, हे लक्षात ठेवून ऑकर आणि सिएना यांचाच आधार घेतला. खाली हिरवट थर आहेच.

छापील चित्रांत कधीही न दिसलेली एक गोष्ट मला या चित्रात आणायची होती. त्या सर्वांना नागासाकीला नेण्यापूर्वी, जानेवारीच्या सुरुवातीला, क्योटोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर ते नागासाकीच्या वाटेवर होते. म्हणजे निशिझाका टेकडीवर पोहोचलेल्या गोन्सालोंचा डावा कान अपुरा होता. आजवर पाहिलेल्या त्यांच्या प्रत्येक चित्रात मी कान मोजले आहेत. दोन्ही कान नेहमी सुबक आणि पुरे असतात. याच कारणासाठी मी चेहरा थोडा उजवीकडे वळवला, जेणेकरून डावा कान पाहणाऱ्याच्या समोर यावा.

कान हा एरवीही कठीण अवयव आहे, कारण त्याच्या वळ्या सवयीने काढता येत नाहीत, प्रत्येक वळी पाहूनच काढावी लागते. आधी मी मामांचा पूर्ण कान बारकाईने काढला आणि मग पाळीकडचा भाग कुठे तुटला असेल ते ठरवले. महिनाभरात जखम ओली राहिली नसणार; तिच्यावर खपली धरून ती सुटू लागलेली असणार आणि खाली नव्या कातडीचा तजेलदार, तांबूस रंग आला असणार. रक्त दाखवण्याची गरज नव्हती आणि मला ते दाखवायचेही नव्हते. ज्या गुलाबीपासून मी एवढे दिवस हात आवरला होता, ती पेन्सिल या चित्रात इथे, एवढ्याशा जागेत, वापरली. अर्थात खिडकीच्या परीक्षेत उतरलेली. खपलीच्या खरखरीत कडेसाठी शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने कागदावर आधी बारीक खाचा पाडून घेतल्या. त्यांच्यावरून सेपिया फिरवला की खाचा कोऱ्या राहतात आणि कड फाटल्यासारखी दिसते. मामांच्या पिकल्या दाढीचे खुंट काढतानाही मी हेच करून पाहिले होते.

तेजोवलयाचा निर्णय बरेच दिवस अडला होता. सोनेरी पेन्सिल कागदावर राखाडी दिसते, म्हणून वलय काढायचे तर ऑकर, सायीचा आणि फिका तपकिरी या रंगांतूनच काढावे लागते. ज्यांना चर्चने धन्यवादित किंवा संत म्हटलेले नाही अशांच्या डोक्याभोवती वलय काढण्याला पोप आठवे अर्बन यांनी १६२५ मध्ये बंदी केली, आणि त्याच पोपने दोन वर्षांनी गोन्सालोंना धन्यवादित घोषित केले, हे वाचल्यावर वलय काढावे असे मला तीव्रतेने वाटले. पूर्ण संतपदासाठी मात्र त्यांना आणखी २३५ वर्षे थांबावे लागले होते. शेवटी मी ते अगदी पुसट, तीनच थरांत, कागदाच्या पांढऱ्यापेक्षा जेमतेम उबदार असे काढले. चित्राकडे पाहताना आधी कान दिसावा आणि वलय त्यानंतर.

चेहरा आणि कान झाले आहेत. फ्रान्सिस्कन झगा अजून बाकी आहे. त्यासाठी खडबडीत लोकरीचा, राखाडीकडे झुकणारा तपकिरी रंग मी वेगळ्या कागदावर जुळवते आहे, आणि दोन भाले चित्रात घ्यायचे की नाहीत हे ठरायचे आहे. मागच्या रविवारी मामांना चित्र दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांनी विचारले की थंडीत एवढे चालताना कानाला काही बांधायला दिले असेल का. हा प्रश्न मला सुचला नव्हता. झग्याच्या टोपीची कड मानेवरून किती वर घ्यायची, ते मी आता त्या प्रश्नावरून ठरवते आहे.